रिकाम्या कांडीचा धोटा

आमच्या घराण्यात गप्प बसणारं माणूस एकच, माझे वडील. बाकी सगळे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अखंड बोलत असतात. आप्पाही ग्रुपवर आहेत म्हणा, पण ते नुसतं बघतात. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, फोन हातभर लांब, आणि आठवड्यातून एकदा हात जोडल्याचं चित्र.

दर रविवारी ग्रुपवर स्पर्धा असते. ही खोड माझीच. घरातल्या एका वस्तूचा फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी मोबाइलवर तिचं हवं ते सोंग करायचं. तांब्याचं हेल्मेट झालं, लाटण्याचा माईक झाला. निकाल निपाणीचे काका देतात आणि न लाजता आपल्याच सुनेला पहिला नंबर देतात. जिंकणाऱ्यानं पुढची वस्तू निवडायची. एकदा सूनबाई माहेरी गेल्या होत्या म्हणून मी जिंकले. चपलेला पंख लावून ती मी सांबऱ्याच्या विमानतळावर उतरवली होती.

पुढची वस्तू शोधत घरभर फिरले आणि टीव्हीच्या कपाटावर आप्पांचा धोटा दिसला. लाकडी, दोन्ही टोकांना निमुळता, पोटात धाग्याची कांडी बसवायला खाच. हातमागावर आडवा धागा हाच या काठापासून त्या काठापर्यंत नेतो. आमच्या विणकरांच्या वडगावात हे कुणाला सांगावं लागत नाही, पण ग्रुपवर पुण्याच्या सुना आहेत, म्हणून मी दोन ओळी लिहिल्या आणि फोटो टाकून दिला.

त्या धोट्यानं आप्पांनी उभा जन्म साड्या विणल्या. खांदा आखडला तेव्हा माग काढला, मागाखालचा खड्डा बुजवून फरशी घातली आणि तिथं फ्रीज आला. तेव्हापासून विणकामाबद्दल ते एक शब्द बोलले नव्हते. आम्हीही कधी विचारलं नव्हतं. न विचारणं म्हणजे शहाणपण, अशी आमची समजूत.

दुपारपर्यंत धोट्याची राकसकोपच्या धरणातली होडी झाली, काकांच्या मिशा झाल्या. कोल्हापूरच्या चुलतभावानं चाकं लावून त्याची एसटी केली आणि निपाणीच्या स्टँडवर उभी केली. खाली लिहिलं होतं, ‘इकडून तिकडं, तिकडून इकडं.’ मी एकटीच पोट धरून हसत होते. चहाच्या वेळेला फोनवर एक ओळ आली. आप्पा ग्रुपमधून बाहेर पडले होते.

पहिला फोन संकेश्वरला दिलेल्या माझ्या आक्काचा. “ज्याच्यावर आपुन जेवलो, ते तुला खेळायला गावलं व्हय गं?” एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या गोष्टीबद्दल आप्पांशी बोलायला मी इतके दिवस घाबरत होते, तिचीच मी साऱ्या भावकीत थट्टा मांडली होती.

आप्पा मागच्या दारी पायरीवर बसले होते. एका हातात फोन, दुसऱ्यात धोटा. चुकलं आप्पा, असं मी सुरू केलं, तर त्यांनी धोटा माझ्यापुढं धरला.

“फोटो काढताना आत बघितलं न्हाईस?”

मी बघितलं. आत कांडी होती, कांडीवर धागा नव्हता.

“रिकाम्या कांडीचा धोटा चार माणसांत दाखवत्यात व्हय? होडी रिकामी, मिशा रिकाम्या. ती यष्टी सुदिक रिकामीच.”

होडीबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. मिशा तर आवडल्या होत्या. त्यांना फक्त माझा फोटो पुसायचा होता, आणि पुसता पुसता ते स्वतःच ग्रुपमधून पुसले गेले होते. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं.

मी शिवणाचं रीळ आणून दिलं. त्यांनी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मी ते निमूट परत ठेवून आले. मग त्यांनीच ट्रंकेच्या तळातून हिरव्या रेशमाची अर्धी लड काढली. ती तिथं आहे हे मला माहीत नव्हतं. लहानपणीसारखी लड दोन्ही हातांत ताणून मी बसले आणि ते कांडी भरू लागले. मधे मधे थांबून खांदा दाबत होते. कांडी बसवून त्यांनी धोट्याच्या बारीक भोकाला ओठ लावले, श्वास आत ओढला, आणि धाग्याचं टोक बाहेर आलं.

मी फोटो काढला, त्यांना पुन्हा ग्रुपात घेतलं. आप्पांनी फोटो टाकला आणि एका बोटानं लिहिलं, ‘आता करा काय करायचं ते.’ कुणी काहीच केलं नाही. काकांनी सुनेला बाजूला ठेवून पहिला नंबर आप्पांना दिला.

म्हणजे पुढची वस्तू आप्पांची. रविवारी त्यांनी आमच्या फ्रीजचा फोटो टाकला.

सगळा दिवस ग्रुप गप्प. फ्रीज कुठं उभा आहे हे पुण्याच्या सुनांनाही माहीत होतं. संध्याकाळी आक्काचा फोटो आला. तिच्या लग्नाच्या वेळच्या जुन्या फोटोतला माग कापून तिनं फ्रीजच्या जागी बसवला होता. बसवलेला किंचित वाकडा, पण माग आमचाच.

आप्पांनी दोन बोटांनी तो मोठा केला. इकडून तिकडं सरकवत बराच वेळ बघितला. मग फोन माझ्याकडे दिला.

“डावीकडं एक धागा तुटलाय,” ते म्हणाले. “आक्काला सांग, ये म्हणावं. जोडायला शिकवतो.”