जवळ कोण होतं

नव्वदच्या आसपास सोनगीरला मी आरोग्य पाहणीचे फॉर्म भरत हिंडायचो. तिथली एक बाई अजून आठवते. तिचं नाव फॉर्मवर होतं, ते इथं सांगणार नाही.

तिच्याकडे तीनदा गेलो. दर वेळी तिने तांब्याभर पाणी दिलं, सूप पुढे ओढून भुईमुगाच्या शेंगा फोडायला घेतल्या आणि मान वर न करता सांगितलं, "सवड नही शे, भाऊ." पाणी पाजून नकार देते म्हणून मला तिचा रागच आला.

फॉर्मच्या मागच्या बाजूला प्रत्येक खेपेची वेळ आणि जवळ कोण होतं, ते लिहावं लागे. बहुतेक जण तो रकाना कोराच ठेवत. मी भरायचो. नकाराचे फॉर्म धुळ्याच्या ऑफिसात देण्याआधी चाळले, तर तिच्या तिन्ही खेपांपुढे माझ्याच अक्षरात एकच नोंद होती : सासरे ओट्यावर. आणि मी विचारत होतो, मुलं किती झाली, किती जगली.

बाजाराच्या दिवशी, सासरे धुळ्याला गेलेले असताना, चौथ्यांदा गेलो. तिने पाणी दिलं. सूप बाजूला सारलं.

"आते इचारा," म्हणाली.

झालेली पाच, हयात तीन. मी पेनाला टोपण लावलं, तेव्हा तिने गेलेल्या दोघांची नावं सांगितली. फॉर्मवर नावांना जागा नव्हती.

"लिखं का, भाऊ?"

मी फॉर्म उलटला आणि चौथ्या खेपेपुढे, 'जवळ कोण होतं' या रकान्यात, ती दोन नावं लिहिली.