पिवळा दोरा

हे मी कोणापुढे बोललेले नाही. नवऱ्यापुढे नाही, पोरापुढे नाही. जामसांवलीच्या मारुतीपुढे उभी राहिले, तिथेही तोंड बंद ठेवलं. चौथीपर्यंत शिकले आहे, लिहिता येतं, म्हणून लिहिते. तुम्ही समोर बसला आहात असं धरून चालते. मध्ये काही विचारू नका.

आधी गळाचं सांगते. ते कळल्याशिवाय बाकीचं कळायचं नाही.

सौंसरजवळ आमच्या गावाला तलाव आहे, संत्र्याच्या बागांच्या मागे. घरातले पुरुष जाळं टाकायचे. काठावर बसून गळाने मरळ धरायची आम्ही बायका — मी आणि माझी मोठी जाऊ. आम्ही गांडूळ लावत नसू, पिसाचा गळ बांधायचो. जाळ्याचं शिसं असतं, त्याचा तुकडा गळाच्या मानेवर ठोकायचा. त्यावर कोंबड्याचं पीस, आणि पिसावर रंगीत दोरा आवळून गुंडाळायचा. पाण्यात खालीवर नाचवला की जिवंत वाटतो. मरळ त्यावर तुटून पडते.

पण रंग चुकला की काही नाही. पाणी गढूळ असलं की काळा दोरा. पाणी निवळलं की पिवळा, बेडकाच्या पोटासारखा. पांढऱ्याला आमच्या तलावातली मरळ तोंड लावत नाही. का, ते मला माहीत नाही. दुसरीकडे लावत असेल. आणि दोरा कोरडा पाहून ठरवायचं नाही. तलावाचं पाणी तांब्यात आणायचं, त्यात दोरा बुडवायचा, ओला कसा दिसतो ते पाहायचं — मग बांधायचा.

हे सगळं मला जावेनं शिकवलं. माझं माहेर पांढुर्ण्याचं, भर बाजारातलं. मासा पाहिला होता तो टोपलीत मेलेला. तिनं माझं बोट धरून गाठ मारायला लावली, बोटात गळ रुतला तेव्हा तिनंच काढला.

तिला सगळे मोठीबाई म्हणायचे. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. तिच्याजवळ होता तो हात. मोठीबाईच्या हाताला मासा येतो, असं गाव म्हणायचं. माझा नवरा जेवायला बसला की पहिल्या घासाला विचारायचा, "वहिनीनं धरली का हे? तरीच!" मरळ मी धरलेली असली तरी. मी धरली आहे म्हटलं तर हसायचा.

तुम्हाला हे लहान वाटेल. आता मलाही वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं.

मग मोठीबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. गाठ मारायला तिला डोळे लागतच नव्हते, बोटं पुरत होती. रंग तेवढा कळेना. पांढरं आणि पिवळं तिला सारखंच मळकट दिसायचं. दोरा तांब्यात बुडवून डोळ्याला भिडवायची, मग माझ्यापुढे धरायची. "पाह्य वं माय, पिवळाच हाय ना?"

तो पांढरा होता. मी म्हटलं, "हाव."

चुकून म्हटलं असं सांगू का? नाही. नीट पाहून म्हटलं.

पुढे तर ती दोरा मागायची आणि मीच पांढरं रीळ तिच्या हातात ठेवायची. आमची बसायची जागा एकच, बाभळीखालचा दगड. माझ्या पिवळ्याला मरळ लागायची आणि ती शेजारी नुसतं पाणी हलवत बसायची. आधी हसायची. "माह्या मरळी तुह्याकडं माहेरपणाले येऊन राहिल्या का वं?" मीही हसायची. नंतर तिचं हसणं थांबलं. नवरा ताटावर म्हणाला, "वहिनीचा हात गेला आता." मी त्याला वाढत होते. मला आनंद झाला. तोही लपवत नाही.

एका शनिवारी तिनं मला जामसांवलीला नेलं. घरात सगळे सांगत होते, डोळ्यांसाठी नवस कर. तिनं नारळ ठेवला आणि मोठ्यानंच बोलली — हळू बोलणं तिला येतच नसे — "डोये राहू दे बाजूले, देवा. माहा हात वापस दे."

मी तिचा हात धरून उभी होते. तोच हात. किती बोलायचं होतं मला? एक वाक्य. लोक मागून ढकलत होते, आम्ही पुढे सरकलो. परतताना बसमध्ये तिनं मला खिडकी दिली.

थोड्याच दिवसांत तिनं तलावावर येणं सोडलं. बांधलेले गळ डब्यात घालून डबा फळीवर ठेवला.

इथवरचं एक वेळ कोणी ऐकून घेईल. पुढचं ऐका.

तिच्या भाच्यानं तिला नागपूरला नेऊन डोळ्यांचं ऑपरेशन करवलं. काळा चष्मा लावून आली. चष्मा निघाला, तसा तिनं फळीवरचा डबा काढला आणि अंगणात उन्हात बसली. मी चुलीसाठी कापसाच्या पऱ्हाट्या मोडत होते. झाकण उघडलं, आणि एकेक गळ उचलून उन्हात धरला.

"हे पांढरे कोनं बांधले वं?"

आता सांगता आलं असतं. ती शिव्या देती, डबा तोंडावर फेकती. दुसऱ्या दिवशी तलावावर जाती. मी पऱ्हाटी मोडली आणि म्हटलं, "तुमीच बांधले बाई. पांढराच मांगत होत्या. मी म्हनलं, पिवळा घ्या. तुमी आयकलंच नाही."

तिनं त्या नव्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, कळलं हिला. पण नाही — तिनं माझं खरं मानलं. माझ्यावर विश्वास होता ना.

"असं का," ती म्हणाली. "मंग डोस्कंबी गेलं म्हना माहं."

डोकं चांगलं शाबूत होतं तिचं. पण त्या दिवसापासून ती मला विचारायला लागली. "मी जेवली का वं?" "दार मी लावलं का?" "आज सोमवारच हाय ना?" सगळं तिला माहीत असायचं, तरी विचारायची, आणि मी सांगेन ते धरायची. कोठीची किल्ली आपणहून माझ्या हातात दिली. तलाव घरामागेच, पण पुन्हा त्या वाटेनं गेली नाही. भिंतीला टेकून बसायची, बोटं चालायची — हातात दोरा नसताना. अशी वर्षं गेली. मग तापानं गेली.

नवराही गेला. पोरगा नागपुरात कामाला आहे, फोन करतो. मी तलावावर जाते. दगडावर बसते ते एका कडेला, अजून. मरळ लागते. घरी आणून रांधते आणि एकटी खाते. कोणी धरली, हे विचारणारं कोणी नाही.

तिचा डबा माझ्याकडे आहे. कधी उघडते. मी इतकी वर्षं बांधते आहे, पण तशी गाठ मला जमलेली नाही. एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही, एकही पीस वाकडं नाही. डोळ्यांना दिसत नसताना बांधलेले गळ आहेत ते. तिचा हात कुठेही गेला नव्हता.

आणि दोरा तिनं पिवळाच मागितला होता. दर वेळी पिवळाच.