चारशे बारा चिठ्ठ्या

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात तेहतीस वर्षं शिपाई असलेल्या माणसाला सगळे मामाच म्हणत. घंटा देणं, काचेची भांडी धुणं आटपलं की जेवणाच्या सुट्टीत मामा कुंपणापाशी उकिडवे बसत आणि ढेकणाच्या जातकुळीतले किडे धरत. त्यांची ओळख सोपी होती: "ज्याला चावायला जबडा नाही, रस ओढायला नुसती सोंड, तो आपला. बाकीचे पाहुणे." प्रत्येक किडा कागदाच्या पुडीत, पुडीवर पेन्सिलीनं तारीख, जागा, झाड.

या भागातल्या अशा किड्यांची यादी मी करायला घेतली, तेव्हा निवृत्त झालेल्या मामांनी पुड्यांनी भरलेली पत्र्याची पेटी आणून माझ्या टेबलावर ठेवली. टाचणी किड्याच्या पाठीवरच्या त्रिकोणात, जरा उजवीकडे टोचायची, हेही त्यांनीच शिकवलं. "आणि टाचणीला एकदा लावलेली माहितीची चिठ्ठी काढायची नाही, मॅडम. चुकली तर खाली दुसरी लावायची. चूक दिसली पाहिजे."

चिठ्ठ्या मी कॉम्प्युटरवर छापल्या. 'संग्राहक' या रकान्यात माझं नाव आपोआप येत होतं. ते मला दहाव्या चिठ्ठीलाच दिसलं. नंतर बदलू, म्हटलं. चारशे बारा चिठ्ठ्या लागल्या, यादी शोधपत्रिकेत छापून आली, कौतुक झालं, आणि मी गप्प बसले.

एके दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून नातीला घेऊन आले. "दाखवा हिला आपले गडी."

मी कपाटाचा खण ओढला. नात भिंगातून मोठ्यानं वाचू लागली. तारीख, जागा, झाड, माझं नाव. "आजोबा, तुम्ही तर म्हणालात, मी धरलेत."

मामा वाकले. भिंग घेऊन चिठ्ठी स्वतः वाचली. तारीख माझ्या जन्माच्या अकरा वर्षं आधीची होती.

"मॅडम हुशार आहेत गं," ते म्हणाले. "जन्मायच्या आधीपासून किडे धरतात."

नात हसली. मामा हसले नाहीत. खण त्यांनीच आत ढकलला, एकाही किड्याच्या मिशीला धक्का न लावता.

यादीची दुरुस्ती मी दुसऱ्याच दिवशी पाठवली. आता रोज वीस टाचण्या घेते आणि खाली दुसरी चिठ्ठी लावते. त्यावर लिहायला मामांचं पूर्ण नाव मला ठाऊक नव्हतं. जुन्या हजेरीपटात शोधावं लागलं. वरची चिठ्ठी तशीच राहते.