मेंढरं बसवलेली जागा

मंडळी, आत्ताच खोलीवर परतलो. आज दिवसभर आप्पांसोबत, म्हणजे माझ्या वडिलांसोबत, कोकणात समुद्राकाठच्या वाटेनं चाललो.

आम्ही दौंडकडचे धनगर. सत्तरच्या दशकात आप्पा दरवर्षी मेंढरं घेऊन इथवर यायचे. एका वर्षी माझी थोरली बहीण तापानं गेली. तिला इथंच वाटेलगत पुरलं.

आज ते प्रत्येक वळणावर थांबत होते. शेवटी मी विचारलं, "आप्पा, काही खूण केली नव्हती का?"

"न्हाई. कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून रातभर तिच्यावर मेंढरं बसवली. सकाळी समदी जमीन सारखीच झाली हुती."

फोटोत समुद्र छान आलाय. मला काहीच वाटत नाहीये.

आप्पा म्हणतात, उद्या पुन्हा त्याच वाटेनं चालू. नेऊ का त्यांना?