चंद्र न दिसलेली संकष्टी

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी मुलाशी खोटं बोलले, आणि तेही गणपतीसाठी. भाईंदरच्या जेसल पार्कला राहायला आल्यापासून माझी एकही संकष्टी चुकलेली नाही. मुलगा कॅनडात असतो. या उन्हाळ्यात त्याने मला पार उत्तरेला, युकॉनला नेलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सोन्याच्या नादाने माणसं धावली ती इथेच. नेमकी संकष्टी त्याच दिवशी आली. मला डायबेटिस, उपास म्हटलं की तो चिडतो. म्हणून सकाळपासून दर वेळी "खाल्लं रे बाबा" म्हणत राहिले आणि सवयीने डायबेटिसची गोळी मात्र रिकाम्या पोटी घेतली. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

चहूकडे जंगल, मधून ओढा, काठाला सोन्यासाठी उपसलेल्या दगडगोट्यांचे ढीग. मुलगा पाण्याची बाटली आणायला गाडीकडे गेला. तोवर पाय धुवावेत म्हणून मी ओढ्याकडे निघाले, आणि दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. हाक मारायला आवाज निघेना. ढिगाला टेकून बसले. संध्याकाळचे सात वाजले होते, पण उत्तरेच्या उन्हाळ्यात ऊन भर दुपारचं. वाटलं, संपलं आता, पोराला शेवटचं बोलले तेही खोटं.

तेवढ्यात तिथलीच, माझ्याच वयाची एक बाई आली. हातात रानफळांची बादली. माझा अवतार बघून तिने पिशवीतून जॅम लावलेला पाव काढला. मी मान हलवली. मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "उपास. चंद्र दिसल्यावर."

ती आभाळाकडे बघून हसली. "या दिवसांत चंद्र डोंगराआडच रेंगाळतो. दिसेल, न दिसेल. तू खा."

आणि लहान मुलाला भरवावं तसा तिने घास तोंडापाशी धरला. मी खाल्ला. रडत रडत सगळा पाव खाल्ला.

मुलगा धावत आला तेव्हा थरथर थांबत आली होती. सगळं कबूल केलं. तो ओरडला नाही, नुसता माझा हात धरून बसला. मला तेच जास्त लागलं. बाई कधी निघून गेली कळलंही नाही, नाव विचारायचं राहिलं. हा चमत्कार होता का, मला ठाऊक नाही. घास वेळेवर आला एवढं खरं.

भाईंदरला परतल्यावर शेजारच्या वहिनींनी विचारलं, "काय हो, तिकडे चंद्रोदय किती वाजता असतो?"

"मला दिसलाच नाही," मी म्हटलं, "पण उपास सुटला."

आता डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरत नाही. घरी परतले त्या संध्याकाळी गणपतीपुढे दिवा लावला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीच मागितलं नाही. त्या ओढ्याकाठून पोराकडे परत पाठवलंस, एवढंच म्हटलं.