डब्यावरचा नंबर

कुठलाही कागद हातात दिला की काका आधी तो उलटा करून मागची बाजू बघायचे. कोरी असली तरी. मग म्हणायचे, "डब्यावर नाव नाय लिवायचं, बाय. नंबर लिवायचा."

डबा म्हणजे कंटेनर. न्हावा शेवा बंदराच्या गेटवर कंटेनरचे नंबर आणि सील तपासण्यात त्यांची नोकरी सरली. मग विचुंबे गावच्या या आगरी माणसानं नवीन पनवेलला तीन कॉम्प्युटरचा सायबर कॅफे टाकला. आमच्या प्रकल्पग्रस्तांच्या संघटनेचा इंटरनेटवरचा फोरम ते तिथूनच सांभाळायचे. 'सांभाळायचे' हा शब्द मी आज वापरते. तेव्हा मी 'अडवून बसायचे' म्हणत होते.

ज्यांच्या जमिनी गेल्या ते लोक फोरमवर सातबारा, वारसांच्या याद्या, पाडलेल्या घरांचे फोटो चढवायचे. काका प्रत्येक फाइल तपासत, तिचं मूळ नाव काढून नंबर देत, आणि बाहेरून थेट पोचता येणार नाही अशा वेगळ्या फोल्डरात ठेवत. बघायची तर लॉगिन करा, काकांना विचारा. शिवाय एक लांबट वही होती. तिच्यात नंबर, फाइल कुणाची, कुणी पाहिली, आणि शेवटचा रकाना बंदरावरचाच: 'सील कुणी तोडलं'.

एकदा एका पुढाऱ्यानं स्वतःच्या वाढदिवसाचा भलामोठा फलक चढवायला घेतला आणि फोरम अडकून पडला. काकांनी फोन लावला, "शेट, एवढा जड डबा? याला क्रेन आना." आणखी एक फाइल नावापुरती फोटो होती, आत भलताच प्रोग्राम. "बाहेर आंबे, आत दगड," म्हणत काकांनी ती उडवली.

मी तेव्हा तेवीस वर्षांची, पत्रकं लिहिणारी. 'जबाबदार कोण?' हे माझं लाडकं शीर्षक. पत्रकावर मला त्या फाइलींचे पत्ते छापायचे होते. कुणीही टाइप करावं आणि पुरावा समोर यावा. काका नाही म्हणाले. मीटिंगमध्ये मी उभी राहिले, "कागद लपवतं ते सरकार! आपणही लपवणार?" टाळ्या पडल्या. आज लाज वाटते, पण पडल्या.

काकांनी चष्मा पुसला. "सगल्यांचं ठरलं ना? मंग उघडतो. पन ज्याचा कागद हाय त्याला इचारलंस का, बाय?"

नव्हतं विचारलं. फोल्डर उघडलं, फाइलींना पुन्हा नावं लागली, पत्रकं वाटली गेली.

त्यात खाडीकाठच्या एका कोळी मावशींची वारसांची यादी होती. नवऱ्याच्या गेलेल्या जमिनीबदल्यात त्यांना एक प्लॉट मिळायचा होता, आणि त्याशिवाय त्यांना दुसरं काही नव्हतं. यादीत सुरतेला राहणाऱ्या, वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या दिराचा पत्ता होता. एका दलालानं तो उचलला, सुरत गाठली. दिरानं सगळा हक्क आपलाच म्हणून सह्या करून दिल्या. महिनाभरात प्लॉटवर परक्याचं कुंपण.

मावशी कॅफेत आल्या. हातात दलालाकडून हिसकावून आणलेला प्रिंट होता. तळाशी बारीक अक्षरात आमच्या फोरमचा पत्ता.

"माजा कागद त्या मेल्याच्या हातात कसा? कोनी दाखवला?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण काका आधी बोलले, "दार मी उघडलं, मावशी. माज्याच हातानं."

"तुज्यावर इश्वास ठेवला रं," एवढंच म्हणून त्या गेल्या.

मी विचारलं, असं का सांगितलंत? "तुला अजून गावोगाव फिरायचंय. तुज्यावरचा इश्वास उडला तर पत्रक कोन घेईल?"

हे मी पटवून घेतलं. सगळ्यांना जाब विचारणारी मी, गप्प बसले. काकांनी त्याच संध्याकाळी फोल्डर बंद केलं आणि एकेका फाइलीला पुन्हा नंबर घातले.

पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. बसल्या जागी, हृदयविकारानं. काकूंनी ती वही माझ्या हातात दिली. "सील कुणी तोडलं" हा रकाना पानोपानी कोरा होता. फक्त फोल्डर उघडलं त्या तारखेच्या पानावर, वरपासून खालपर्यंत प्रत्येक नंबरापुढे, काकांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. कंटाळा न करता, प्रत्येकापुढे.

ती वही घेऊन मी मावशींकडे गेले. दारात सुकट निवडत बसल्या होत्या. पान वाचून दाखवलं आणि म्हटलं, "मावशी, इथे माझं नाव हवं होतं." मग सगळं सांगितलं.

त्या रागावतील म्हणून मी थांबले. त्या सुकटीतला कचरा वेचत राहिल्या.

"तुजा काका दर सोमवारी येयाचा," म्हणाल्या. "हितंच, उन्हात हुबा र्‍हायाचा. म्हनायचा, मावशी, प्लाटासाटी कचेरीत जायचं का, रिक्षा आनलीय. मी मान वर करून बगायची नाय."

हातातलं सूप त्यांनी खाली ठेवलं.

"पानी पन नाय इचारलं मी त्याला."