मायची उशी

"साडी बदला. कापूस वेचताना नेसता तशी जुनी पाहिजे."

हे मला माझ्याच अंगणात सांगितलं, वडनेर भोलजीत. सांगणारा पुण्याच्या प्रकाशकांचा माणूस. माझं पहिलं पुस्तक त्यांनी काढलं होतं. आता नव्या लेखकांचा विश्वास बसावा म्हणून त्यांना माझा फोटो आणि अभिप्राय हवा होता. मी अंगणवाडीत शिकवते. कापूस वेचला तो शाळेत असताना, मायसोबत.

मे महिना. वावरात पऱ्हाटीचा, कापसाच्या झाडाचा, खुंटही नाही. "घरात असेल ना थोडा कापूस?" त्यानं विचारलं. बाबा पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. आत गेले आणि मायची उशी उसवून आणली. बीटी बियाणं यायच्या आधीचा कापूस, तिनं वेचलेला. बीटी आलं की फवारणी लागणार नाही, असं सांगत होते. लागलीच. फवारणीच्या पंपात पाणी ओतता ओतता माय वावरात पडली आणि गेली. माझं पुस्तक तिच्यावरच आहे. तिच्या उशीतला कापूस माझ्या कमरेच्या ओटीत भरला आणि तो माणूस म्हणाला, "जरा हसा." मी हसले. अजून जीव जळतो.

पुढं त्यांनी नव्या लेखकांसाठी कार्यक्रम ठेवला. पुण्याच्या सभागृहात तो फोटो भिंतीएवढा लावला होता. खाली माझं नाव आणि वाक्य: "मी अडाणी मजूर होते. या प्रकाशनानं मला शब्द दिले." मी असं कधीच म्हटलं नव्हतं. प्रकाशक कानाशी आले. "एवढंच वाचा. वऱ्हाडी नको, लोक हसतात." समोर नवे लेखक हस्तलिखितं मांडीवर घेऊन बसलेले.

मी माइकपाशी गेले. फोटोतला तो कापूस पाहिला आणि रडूच फुटलं. लोकांना वाटलं, उपकारानं रडते. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी माझं डोकं फिरलं.

"हे मी बोलली नाही," मी म्हटलं. "मले शब्द माह्या मायनं देले, वावरात. हा कापूस तिच्या उशीतला हाय. तिच्या उशीवर दुकान मांडून राह्यले तुम्ही."

कुणी हसलं नाही. मी खाली उतरताना प्रकाशक म्हणाले, "पुढचं पुस्तक विसरा."

घरी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी उशी कधीच शिवून ठेवली होती. अर्धीच भरलेली. बाकीचा कापूस फोटोच्या दिवशी वाऱ्यानं उडाला.

"काऊन भांडली व? आता पुस्तक कोण काढन?" बाबा म्हणाले.

नाही काढलं तर नाही. पुस्तकासाठी मी मायनं दिलेलं दुसऱ्याच्या नावावर करणार नाही. आणि हसा म्हटलं म्हणून हसणार तर मुळीच नाही.